सुईच्या आधीचे एकवीस दिवस

आमच्या गावातल्या तिशीच्या पुढच्या जवळपास प्रत्येक माणसाची कंबर मी टेपने मोजली आहे. सीबॅकचा, म्हणजे शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका तपासायचा फॉर्म भरायचा तर ती मोजावीच लागते. बाईची ८० सेंटिमीटरपर्यंत असली तर शून्य गुण, ९० च्या वर गेली की दोन. मी आशा वर्कर आहे, समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात, पंधरा वर्षं झाली. सगळ्यांच्या कंबरा माझ्या रजिस्टरात आहेत. माझी स्वतःची मात्र होळीपासून बिघडली होती आणि दिवाळीपर्यंत मी ते घर-दवाखान्याबाहेर कोणाला धड सांगितलं नव्हतं.

सुरुवात हरभऱ्याच्या पोत्याने झाली. पोतं उचललंही नव्हतं, नुसतं सरकवलं. चमक भरली, वाटलं दोन दिवसांत जाईल. सासूबाई म्हणाल्या, "उसण भरली वो, पायाळू पोट्ट्याले बलाव." आमच्याकडे पायाळू माणसाने, म्हणजे जो जन्मताना पायाकडून आला त्याने, पाठीला लाथ लावली की उसण निघते असं समजतात. गावात असा एक मुलगा आहे, आता नववीत. त्याच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा रात्री दीडला हिंगणघाटच्या दवाखान्यात मीच नेलं होतं. त्याचा जन्म माझ्याच रजिस्टरात 'ब्रीच' म्हणून लिहिलेला आहे. तोच पोरगा लाजत लाजत आला, पालथ्या पडलेल्या मला तीनदा पाय लावून गेला आणि जाताना पाया पडला. हसूही येत होतं, रडूही.

उसण निघाली नाही. दुखणं खाली उतरलं. डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यात. अंगठा बधिर. जिल्ह्याच्या दवाखान्यातून फिजिओथेरपी झाली, गोळ्या झाल्या. शेवटी ऑक्टोबरात नागपूरला एमआरआय काढला. एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून डाव्या बाजूच्या नसेवर बसली होती. आपल्याकडे सगळे म्हणतात 'मणक्यात गॅप आला', पण गॅप येत नाही, उलट गादीच बाहेर येते. मीही इतकी वर्षं लोकांना गॅपच सांगत होते.

दिवाळी झाल्या झाल्या वर्ध्याकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण बसणं पूर्णच करावं लागतं. जामच्या चौकापासून पुढे मी दांडी धरून उभीच राहिले. ह्यांनी सीट धरून ठेवली होती आणि त्यावर माझी पिशवी बसली होती.

डॉक्टर तरुण होते, मराठी चांगलं बोलत होते. त्यांनी पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठा वर ओढायला लावला, टाचेवर चालवलं. लघवी-संडासवर ताबा आहे ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना, हे दोनदा विचारलं. ते बिघडलं तर मग इंजेक्शनबिंजेक्शन नाही, त्याच दिवशी धावत यायचं, असं बजावलं. मग म्हणाले, एवढे महिने झाले, व्यायाम झाले, तरी पायातलं दुखणं उतरत नाही, तर नसेभोवतीची सूज कमी करायला मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन पाहू. गादी त्याने आत जात नाही. सूज उतरली तर दुखणं उतरतं आणि तेवढ्या काळात व्यायाम करून पाठ बळकट करून घ्यायची. कोणाला काही आठवडे फरक पडतो, कोणाला काही महिने, कोणाला अजिबात नाही. वर्षात तीन-चारच्या वर देत नाहीत.

माझं पहिलं वाक्य काय असावं? "सर, पाय तर नाही जाणार?"

गरोदर बायांना मी स्वतः सांगत असते की सिझरच्या वेळी पाठीत सुई दिल्याने जन्मभर कंबर दुखत नाही, त्या भीतीपायी दवाखाना टाळू नका. आणि माझ्या मनात तेच. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढलं. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. खाली घोड्याच्या शेपटासारखा नसांचा झुपका असतो, त्यावर पिशवीसारखं आवरण. सुई त्या आवरणाच्या बाहेर थांबते. धोका शून्य नाही, म्हणाले: संसर्ग होऊ शकतो, रक्त साचू शकतं, आवरणाला भोक पडलं तर काही दिवस डोकं दुखतं, नसेला इजा होणं फार विरळ पण होऊ शकतं. म्हणून तर सुईपेक्षा तयारीलाच जास्त वेळ लागतो. ते चित्र मी अजून ठेवलंय. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "हे तं वांगं दिसते."

मग तयारी सुरू झाली आणि पहिल्याच प्रश्नाला मी खोटं बोलले.

"कोणकोणत्या गोळ्या सुरू आहेत?"

पिशवी टेबलावर उपडी केली. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची टेल्मिसार्टन, दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी, जेवणाआधीची ॲसिडिटीची. डॉक्टरांनी एकेक उचलून लिहून घेतली. "रक्त पातळ करायची?" नाही. "ॲलर्जी? आयोडीनची, सुन्न करायच्या इंजेक्शनची?" नाही. "आयुर्वेदिक, जडीबुटी, बाजारातलं काही?"

"नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठीकडे पाहिलं. ह्यांनी खिशात हात घातला आणि जर्द्याच्या रिकाम्या डबीत ठेवलेल्या काळ्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. "साहेब, ह्या बी हायेत. दोन महिन्यांपासून रोज रात्री एक घेऊन राहिली."

आठवडी बाजारात एक माणूस बसतो, समोर मुळ्या, साली, कसलीशी शिंगं मांडून. त्याच्याकडच्या या. वाटाण्याएवढ्या, हाताला चिकटणाऱ्या, ओव्याचा वास येणाऱ्या. नाव नाही, लेबल नाही. सासूबाईंनी आणल्या होत्या. आणि खरं सांगू, त्यांनी बरं वाटत होतं. पहिल्या आठवड्यात इतकं बरं वाटलं की मी सलग चार दिवस सर्व्हे केला. भूक वाढली, चेहरा भरला. मैत्रीण म्हणाली, तब्येत सुधारली तुझी.

डॉक्टर रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. डबी हातात फिरवत म्हणाले, ताई, असल्या बिननावाच्या गोळ्यांत कधी कधी स्टेरॉइडच मिसळलेलं निघतं. म्हणूनच झटक्यात बरं वाटतं. तेच औषध आता मी मणक्यात देणार आहे. तुमच्या शरीरात ते आधीच किती गेलंय ते मला माहीत नसेल तर हिशोब कसा लावू? शिवाय बाहेरून बराच काळ स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि मग एकदम बंद केलं तर माणूस खचतो. त्यांनी मला मेडिसिनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कॉर्टिसॉलसाठी, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉइडसाठी रक्त, बाकीचंही रक्त. पंधरा वर्षं लोकांना 'सगळ्या गोळ्या सोबत आणा' सांगणारी बाई मी.

कॉर्टिसॉल सुदैवाने ठीक आलं. गोळ्यांत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. साखर मात्र उपाशीपोटी २१२ आणि तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, ९.१. त्यातलं चकल्या-अनारशांचं किती आणि डबीचं किती, देव जाणे.

मणक्यात दिलेलं स्टेरॉइड थोडं रक्तातही उतरतं आणि साखर चढवतं, काही दिवस, कधी आठवडाभरही. आधीच दोनशेच्या वर असेल तर ती कुठल्या कुठे जाईल, आणि चढत्या साखरेत संसर्ग लवकर धरतो. एचबीए१सी दोन आठवड्यांत हलत नाही, पण रोजची साखर हलवता येते. गोळ्यांचा डोस वाढला. चौदा दिवसांनंतरची तारीख मिळाली. घरी वही करायची: सकाळची साखर, जेवणानंतरची साखर, आणि दुखणं दहापैकी किती.

दहापैकी किती, हे मला जमेना. सकाळी उठताना आठ वाटे, दुपारी पाच, रात्री परत आठ. रोज तेच आकडे लिहिताना मी लोकांचे फॉर्म घरी बसून भरतेय असं वाटायला लागलं (तसं आम्ही करत नाही, पण वाटायला लागलं). मग मी दोन मापं ठरवली. एक, घरापासून विजेचे किती खांब चालून झाल्यावर पाय ओढतो. दुसरं, चुलीपुढे एका बैठकीत किती भाकरी होतात. पहिल्या दिवशी तीन खांब आणि दोन भाकरी. दोन भाकऱ्यांनंतर भिंत धरून उठायचं, पाय झटकायचा, परत बसायचं. ज्वारीचं पीठ तेवढ्यात वाळून जायचं. सासूबाई शेजारी बसून मोजायच्या, जोरात. "दोन झाल्या हो!"

पुढच्या वेळी डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि दहापैकीच्या रकान्याकडे ढुंकूनही न बघता भाकरीवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे.

चौदा दिवसांत साखर खाली आली, १४० ते १६० च्या आसपास. भात बंद, चहा बिनसाखरेचा. डायक्लोफेनॅक शेवटचे तीन दिवस बंद, दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल. हा त्या डॉक्टरांचा नियम, दुसरीकडे वेगळा असू शकतो. पण एक गोष्ट तिथे सगळ्यांनाच ओरडून सांगत होते. माझ्या पुढच्या नंबरचे एक काका, छातीत स्टेंट बसवलेले, रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने आठ दिवस आधीच बंद करून आले होते. पुतण्याने मोबाइलवर वाचलं होतं म्हणे. त्यांना शाबासकी मिळेल असं वाटत होतं. डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा चढला तो तेव्हा. ती गोळी सुई देण्याआधी थांबवावी लागते हे खरं, नाहीतर मणक्यात रक्त साचायची भीती. पण ती थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, नाहीतर इकडे कंबर सुधारते आणि तिकडे स्टेंट बंद होतो. काकांना त्याच दिवशी परत पाठवलं.

माझी तारीख मंगळवारची होती. आदल्या शनिवारी मी शेतात गेले.

जायचं नव्हतं. पण दुसरी वेचणी डोक्यावर आली होती, कापूस पऱ्हाटीवर लोंबकळत होता, ढग दिसत होते, किलोमागे दहा रुपये देऊनही बाया मिळेनात. ह्यांनी नको म्हटलं. मी म्हटलं, वाकणार नाही, उभ्याउभ्या वरची बोंडं वेचते. कमरेला ओटी बांधली नाही, हातात पिशवी धरली, हीच काय ती काळजी घेतली. वाळलेल्या बोंडाची टोकं किती टोचतात ते वेचणाऱ्या हातालाच ठाऊक. बोंड उघडून फाकलं की पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात आणि बरोबर नखाच्या कडेला शिरतात. संध्याकाळी उजव्या तर्जनीला ठसठस. रविवारी नखाची कड लाल. सोमवारी पिवळा ठिपका. नखुरडं.

सोमवारी दुपारी हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला. यादी वाचून दाखवत होत्या. ताप आहे का? सर्दी-खोकला? लघवीला जळजळ? दातदुखी? अंगावर कुठे फोड, जखम, पू? अँटिबायोटिक सुरू आहे का?

'नाही, नाही, नाही' असं लयीत चाललं होतं. बोट पदरात गुंडाळलेलं होतं, हळद लावून. बोटाचा आणि मणक्याचा काय संबंध? गाडी सांगून झाली होती, पुतण्याने सुट्टी काढली होती, उपकेंद्राच्या मॅडमकडून दोन दिवसांची परवानगी आणली होती. सासूबाई समोर बसून माझ्याकडे पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला डबी आठवली.

"सिस्टर, बोटाला नखुरडं झालंय. पू आहे थोडा."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज. "मग उद्या नाही, ताई." शरीरात कुठेही पू असला तर त्यातले जंतू रक्तातून कुठेही जाऊ शकतात, आणि स्टेरॉइड तर शरीराची लढायची ताकद दाबून ठेवतं. मणक्याच्या आत संसर्ग झाला तर तो नखुरड्यासारखा चिरून निघत नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन चिरा देऊन घ्या, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, बोट कोरडं झालं की फोन करा.

फोन ठेवला. ह्यांनी एवढंच विचारलं, "किती किलो वेचला होता?"

"अकरा."

"एकशेदहा रुपये," म्हणाले आणि बाहेर गेले.

एक आठवडा पुढे गेलं. त्या आठवड्यात सर्व्हे नाही, शेत नाही. पाच दिवस गोळ्या, रोज मीठपाण्यात बोट. भाकऱ्या सासूबाईंनी केल्या आणि एकदाही मोजल्या नाहीत.

नव्या तारखेच्या आदल्या दिवशी परत यादी वाचून झाली. या वेळी सगळं खरंच 'नाही' होतं. सिस्टर म्हणाल्या, सकाळी उपाशी या. गुंगीचं औषध द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. सहा तास आधीपासून अन्न नाही, दोन तास आधीपर्यंत घोट घोट साधं पाणी चालेल. बीपीची गोळी एका घोटासोबत घ्या. शुगरची सकाळची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. सैल कपडे. दागिने घरी. सोबत एक माणूस, आणि परत जायला गाडी. मोटरसायकल नाही, एसटी नाही.

पहाटे पाचला उठले तर चुलीवर साबुदाणा. शेंगदाण्याचं कूट घालून, वरून कोथिंबीर. सासूबाई चारला उठल्या होत्या.

"आई, हे काय?"

"उपास हाये ना तुह्या?"

"उपास नाही हो, उपाशी."

"तेच तं. साबुदाणा चालते उपासाले."

हसू नका. ऑपरेशनच्या शिबिराला मी ज्या बायांना नेते त्यांच्यापैकी दर वेळी एखादी तरी साबुदाणा, नाहीतर केळं खाऊन येते आणि टेबलावरून परत येते. 'उपाशी' म्हटलं की आपल्या बायांच्या कानात 'उपास' शिरतो, आणि आपल्या उपासाला तर दुप्पट खाणं असतं. मी आता 'पोटात काहीच नाही, साबुदाणा पण नाही' असं सांगते. हे माझ्याच घरात सांगायचं राहून गेलं होतं. तो साबुदाणा ह्यांनी आणि पुतण्याने खाल्ला, डब्यात भरून गाडीतही आला.

हॉस्पिटलात साखर तपासली: १४८. बीपी ठीक. संमतीपत्र मराठीत होतं, मी सगळं वाचलं, दोनदा. सिस्टर घाईत होत्या, पण मी वाचलं. आजवर किती अंगठे मी असल्या कागदांवर उमटवून घेतले असतील, कोणाला एवढा वेळ दिला होता? बोट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, दाबलं. उजव्या हाताच्या बांगड्या काढल्या. डाव्या हाताच्या निघेनात, राहू दे म्हणाल्या. हाताला सलाइनची सुई लावून ठेवली. पोत आणि मणी रुमालात बांधून ह्यांच्या खिशात, जिथे ती डबी असायची.

प्रत्यक्ष काम सांगण्यासारखं फार नाही. पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. वरून कमानीसारखं एक्स-रेचं मशीन. पाठीवर थंडगार औषध तीनदा पुसलं. सुन्न करायची सुई लाल मुंगी चावल्यासारखी, जरा जास्तच. मग नुसता दाब. रंगाचं औषध सोडून ते पडद्यावर पाहत होते, औषध बरोबर जागी पसरतंय का ते. मग एकदम पोटरीत तीच कळ गेली, होळीपासूनची, अंगठ्यापर्यंत, जशीच्या तशी.

"तीच का, ताई?"

"तीच."

"बरोबर जागी आहोत." दहा-बारा मिनिटांत संपलं.

पाय जड, ऊनऊन. तासभर झोपवून ठेवलं, बीपी पाहत राहिले, मग धरून चालवलं. दोन दिवस दुखणं वाढू शकतं, स्टेरॉइडचा गुण दिसायला दोन दिवसांपासून आठवडाही लागतो, तोवर कोणाला शिव्या देऊ नका, असं डॉक्टर हसत म्हणाले. ताप, पायाची ताकद जाणं, लघवी अडणं, बसल्यावर वाढणारी आणि झोपल्यावर थांबणारी डोकेदुखी, यातलं काही झालं तर लगेच फोन.

पहिली रात्र वाईट गेली. दुसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, आणि झोप नाही. साखर २८६, मग २७०, मग २३०. आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. वहीत लिहिलं, फोन करून वाढीव गोळी विचारून घेतली. सहाव्या दिवशी साखर जागेवर आली. डबी सासूबाईंनी पुढच्या बाजारात त्या माणसाला परत नेऊन दिली आणि पैसे मागितले. त्याने दिले नाहीत.

आठव्या दिवशी संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. मी चुलीपुढे होते, फोन सासूबाईंनी उचलून माझ्या कानाला लावला.

"दुखणं दहापैकी किती, ताई?"

मी विचार करत होते, चार म्हणू की पाच. सासूबाईंनी फोन आपल्याकडे ओढला.

"सहा," त्या म्हणाल्या. "सहा झाल्या, सातवी तव्यावर हाये."

पलीकडे सिस्टर लिहून घेत होत्या. दुखणं सहा असं लिहिलं जाऊ नये म्हणून मी पिठाच्या हाताने फोन परत घेतला.